अधिक चांगले आणि अधिक पसरलेले

पुष्कळ लोक करतात म्हणून एखादी गोष्ट योग्य ठरते काय? नीतिशास्त्राच्या ग्रंथांत या प्रश्नाचा खल कमी झालेला नाही. पण त्याचा लेखी निवाडा पाहायचा असेल, तर मी इंग्लंडातल्या आगगाडीच्या रुळांकडे बोट दाखवीन.

जॉर्ज स्टीफन्सन हा उत्तरेकडच्या कोळशाच्या खाणींत वाढलेला माणूस. तिथे घोडे ज्या रुळांवरून कोळशाच्या गाड्या ओढीत, त्यांत अंतर ४ फूट ८ इंचांच्या आसपास असे. तेच त्याने आपल्या इंजिनांना लावले; पुढे चाकांना मोकळीक हवी म्हणून अर्धा इंच वाढला. एवढीच या मापाची जन्मकथा. (ते रोमन रथांच्या चाकोरीतून आले, असेही सांगतात. यशस्वी माणसाला थोर कुळ चिकटवण्याची आपली हौस मापांनाही सोडत नाही!)

ब्रुनेलने मात्र घोड्याला विचारले नाही. ग्रेट वेस्टर्न रेल्वे बांधताना त्याने सारा विचार मुळापासून केला आणि रुळांत ७ फूट पाव इंच अंतर ठेवले. गाडी वेगात धावे आणि हिंदकळेही कमी. पण १८४४ मध्ये ग्लॉस्टरला ही दोन मापे समोरासमोर आली, आणि एका गाडीतला माल उतरवून दुसरीत भरणे नशिबी आले. हे हाल आपल्यालाही परके नाहीत. बार्शी लाइट रेल्वेचे रूळ अडीच फुटांचे, मुंबई-सोलापूर मार्गाचे साडेपाच फुटांचे. १८९७ पासून कित्येक वर्षे कुर्डुवाडीला ते तीन फूट हमालांच्या पाठींनी भरून काढले.

१८४५ साली ब्रिटिश सरकारने आयोग नेमला. दोन्ही मापांच्या इंजिनांची परीक्षा झाली. वेगात रुंद मार्ग सरस, हे आयोगाने मान्य केले. तरीही कौल दिला तो अरुंद मापाला. मालवाहतुकीला ते सोयीचे, हे एक कारण. पण खरे वजन पडले ते मैलांचे. अरुंद मार्ग सुमारे १९०० मैल पसरला होता, रुंद अवघा २७४. १८४६ च्या कायद्याने मग तेच माप प्रमाण झाले.

हा अन्याय होता, असे मला वाटत नाही. रुळांची रुंदी हा शेवटी आपसांतला करार आहे. वर्गात हात वर करायला लावून सहलीचे ठिकाण ठरवता येते, गणिताचे उत्तर नाही; आणि रूळ सहलीच्या बाजूचे. मला या निवाड्यात मोलाचा वाटतो तो त्याचा प्रांजळपणा. आपण एरवी काय करतो? ज्याला हटवायचे त्याला आधी वाईट ठरवतो, म्हणजे हटवताना मन खात नाही. भावकीच्या भांडणात हेच, गावच्या पंचायतीत हेच. आयोगाने तसे केले नाही. तुझे धावणे चांगले आहे, तरी तुला थांबावे लागेल, असे तो म्हणाला, आणि ते लिहून ठेवले.

रुंद मार्ग लगेच उखडला गेला नाही. ब्रुनेल १८५९ मध्ये वारला, तेव्हाही त्याच्या गाड्या धावत होत्या. १८९२ च्या मे महिन्यात चार हजारांहून अधिक मजुरांनी शनिवार-रविवारच्या दोन दिवसांत उरलेल्या सुमारे १७१ मैलांचे रूळ आत सरकवले. रिकाम्या झालेल्या गाड्या आणि इंजिने स्विंडनला आणून मुद्दाम टाकलेल्या रुळांवर ओळीने उभी केली. काही नव्या मापाला बदलून घेतली. बाकीची मोडीत निघाली.