बूट ठरवतं कोण?

पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी, आतल्या बाजूला गाठ दिसू लागते. चपलेचा पट्टा घासला की ती लाल होते, ठणकते. 'हाड वाढलंय' असं घरोघरी म्हणतात. बहुतेकदा हाड वाढलेलं नसतं. अंगठ्यामागचं लांब हाड दुसऱ्या पायाच्या दिशेनं सरकतं, अंगठा शेजारच्या बोटावर कलतो आणि सांध्याचं टोक बाहेर येतं. डॉक्टर याला हॅलक्स व्हॅल्गस म्हणतात.

बाईला हे झालं की ऐकावं लागतं, 'मिरवलंत ना उंच टाचांत, भोगा आता.' या बोलण्याचा मला राग येतो. पायाची ठेवण अनेकदा आई-आजीकडून आलेली असते; चिंचोळ्या बुटानं ते दुखणं बळावतं. आणि यात बाईपुरतं काही नाही. इंग्लंडमधल्या केंब्रिज आणि आसपासच्या मध्ययुगीन दफनभूमींतले १७७ सांगाडे तपासून संशोधकांनी २०२१ साली निष्कर्ष मांडले. खेड्यातल्या माणसांत हा दोष ३ टक्के. ऑगस्टिनियन मठाच्या आवारात पुरलेल्या श्रीमंत दात्यांत आणि साधूंत ४३ टक्के! चर्चनं १२१५ सालीच धर्मगुरूंना टोकदार बूट वर्ज्य केले होते, तरीही.

त्या साधूंनी निदान बूट स्वतः निवडले होते. शोरूममध्ये विक्रीला उभ्या असलेल्या मुलीचं तसं नाही; तिचे बूट गणवेशासोबत ठरलेले असतात. गिऱ्हाईक वळलं की ती काउंटरआड टाच बुटातून काढते, बोटं मोकळी करते, मॅनेजर दिसला की पुन्हा आत कोंबते. तिला दोष द्यायचा?

उपाय आहेत. पुढून रुंद, मऊ बूट, गाठीवर पॅड, बुटात योग्य तळवा. रात्री बांधायच्या पट्ट्यांनी थोडा आराम पडतो, पण मोठ्या माणसाचा वाकडा अंगठा त्यांनी कायमचा सरळ होत नाही. मधुमेह असेल तर गाठीला ब्लेड लावू नये, जखम चिघळते. शस्त्रक्रियेत हाड कापून जागेवर बसवतात. ती दुखण्यासाठी करावी, पाय देखणा दिसावा म्हणून नव्हे. पूर्ववत चालायला काही महिने जातात.

२०१७ साली कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतानं कामावर उंच टाचांची सक्ती करायला मनाई केली. आपल्याकडे गणवेश ठरवणाऱ्यांनी कायद्याची वाट कशाला पाहायची? शस्त्रक्रियेसाठी रजा देऊन शोरूममधल्या त्या मुलीला परत त्याच बुटांत उभं केलं, तर अंगठा पुन्हा कलू शकेल.