देणाऱ्याचा दोष किती?

लांच घेणारा दोषी आहे याविषयीं कोणासही संशय नाहीं. परंतु निरुपाय होऊन देणारा, तोही दोषी आहे काय? हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाहीं, आणि खेड्यांतील आमच्या वाचकांस तो वारंवार पडतो. बापाच्या पश्चात् सातबाऱ्यावर वारसांचीं नांवें लागावयाचीं आहेत. फेरफाराची नोंद अडून राहिली आहे. पेरणी तोंडावर आली असून पीककर्जास उतारा पाहिजे. अशा वेळीं कोणी पैसे मागितले, तर गरिबानें काय करावें?

आपल्या देशांत १९४७ सालीं लांचलुचपत प्रतिबंधक कायदा झाला, व १९८८ सालीं त्याच्या जागीं नवा आला. आपण लांच दिली असें साक्षींत सांगणाऱ्यावर त्या जबानीवरून खटला भरतां येत नसे. २०१८ सालच्या दुरुस्तीनें तें संरक्षण काढून घेतलें. आतां देणाऱ्यासही सात वर्षांपर्यंत कैद, दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊं शकतात. मात्र ज्यास देणें भाग पाडलें, त्यानें सात दिवसांच्या आंत पोलिसांस किंवा तपास खात्यास कळविलें, तर तो सुटतो.

ही तरतूद जाचक आहे असें पुष्कळ म्हणतात, आणि त्यांच्या म्हणण्यांत तथ्य आहे. एकाच्या हातीं अधिकार, दुसऱ्याच्या हातीं केवळ अर्ज. त्या दोघांस एकाच मापानें मोजणें न्यायाचें नव्हे. म्हणून आम्ही देणाऱ्यांत भेद करितों. शेजाऱ्याची जमीन आपल्या बांधांत यावी म्हणून मोजणी करणाऱ्यास पैसे चारणारा हा घेणाऱ्याचा भागीदारच होय. पण जो आपल्याच हक्काच्या वस्तूसाठीं देतो, तो आधीं लुबाडला गेलेला मनुष्य आहे. देतेवेळीं त्याचा दोष अल्प असतो. पुढील मौनानें तो वाढतो. कारण त्यानें दिलेली रक्कम उद्यां त्या कचेरीचा दर बनते, आणि जिच्यापाशीं तेवढेही पैसे नाहींत अशा विधवेचा अर्ज तळाशीं जातो. हें मौन सोडण्यासाठींच कायद्यानें सात दिवस दिले आहेत.

कोणी बोललेंच नाहीं, तर लोकशाहींतला कायदा पांगळा आहे. सापळ्यांत नोटांस पावडर लावितात, व घेणाऱ्याचे हात द्रावणांत बुडवितांच तें गुलाबी होतें. पण एवढ्यानें भागत नाहीं, मागणी झाली हेंही सिद्ध व्हावें लागतें. फिर्यादी मेला किंवा उलटला तरी इतर पुराव्यावरून तें सिद्ध होऊं शकतें, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या पांच न्यायाधीशांनीं २०२२ सालीं दिला. तरी प्रारंभ बहुधा नागरिकाच्या तक्रारीनेंच होतो, आणि ती करणें सोपें नाहीं. सरकारी नोकरावर खटला चालण्यास पूर्वमंजुरी लागते, निकालास वर्षें जातात, आणि तोंवर तक्रारदाराचीं दुसरीं कामें त्याच कचेरींत पडून असतात.

तेव्हां हें ओझें एकट्यानें वाहावें असें म्हणणें निर्दयपणा होय. गांवांतील चार जणांनीं त्याच्याबरोबर कचेरींत जावें. अर्जाची पोंच मागावी. २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायद्यानें ज्या सेवांस मुदत व अपिलाची सोय आहे, त्यांत त्याचें काम येतें काय तें पाहावें. मागणी झालीच तर लांचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे जातांना सोबत करावी. ओट्यावर बसून ‘देऊन मोकळा हो’ असा सल्ला देणाऱ्याचाही त्या लांचेंत वांटा आहे. देणाऱ्याचा न्याय करण्यापूर्वीं प्रत्येकानें आपल्या मनास विचारावें कीं, त्याच्याबरोबर मी किती पावलें चाललों?