घरातला मळ जातो कुठे?

दिवाळीची साफसफाई आटोपली, की आपण दारात उभे राहून एकदा घरावरून नजर फिरवतो. फरशी चकचकीत, मोरी स्वच्छ, हवेत लिंबाचा वास. (लिंबू बहुधा बाटलीवरच्या चित्रापुरतेच असते, ते असो.) मन प्रसन्न होते. त्याच क्षणी स्वतःला एक प्रश्न विचारून पाहा. घरातला मळ गेला खरा, पण तो गेला कुठे?

बादलीतले पाणी मोरीतून गटारात, गटारातून नाल्यात आणि पुष्कळदा पूर्ण शुद्ध न होताच नदीत जाते. आळंदीला इंद्रायणीवर तरंगणारा पांढरा फेस आपण पाहिला असेल, निदान छायाचित्रात तरी. त्यात कारखान्यांचे सांडपाणी आहे, तसेच घराघरांतले साबणाचे पाणीही आहे. वारकरी त्याच पाण्यात श्रद्धेने उतरतात.

पतंजलींच्या योगसूत्रांत नियमांमध्ये पहिले स्थान शौचाला आहे. पण नियमांच्या आधी यम येतात आणि यमांमध्ये पहिली येते अहिंसा. मला हा क्रम फार महत्त्वाचा वाटतो. माझी मोरी स्वच्छ करताना दुसऱ्या कुणाचे पाणी नासत असेल, तर त्याला शौच म्हणायचे का?

म्हणून घरच्या साध्या वस्तूंकडे वळू या. दहा-बारा रिठे रात्रभर भिजवा, सकाळी उकळून कुस्करा आणि गाळून घ्या. या पाण्याने भांडी, फरशी, नाजूक कपडे, सारे निघते. देवाच्या तांब्या-पितळेच्या भांड्यांना चिंच किंवा लिंबू-मीठ पुरते. नळावरचे पांढरे डाग व्हिनेगरने जातात. फळांच्या सालींपासून स्वच्छता-द्रव करायचा असेल, तर १ भाग गूळ, ३ भाग साली आणि १० भाग पाणी प्लास्टिकच्या बरणीत घालून तीन महिने ठेवा. सुरुवातीला रोज झाकण सैल करून आतला वायू जाऊ द्या, नाहीतर बरणी फुटेल.

मात्र ‘नैसर्गिक’ म्हणजे निरुपद्रवी, असे समजू नका. लिंबू आणि व्हिनेगर यांनी संगमरवर, कडप्पा, शहाबादी फरशी यांची चकाकी जाते. सोडा आणि व्हिनेगर एकत्र केले, की फेस छान येतो, पण दोघेही एकमेकांची शक्ती संपवतात. रिठ्याचे पाणी डोळ्यांत गेले तर झोंबते आणि ते जास्त झाले तर माशांनाही बाधते. तेव्हा तेही बेतानेच वापरावे. घरात संसर्गाचा आजार असेल, तर खुशाल जंतुनाशक वापरा, त्यात अपराधी वाटून घेऊ नका. फक्त ब्लीच आणि संडास धुण्याचे आम्ल कधीही एकत्र करू नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

एवढे सगळे मी शिकले आणि तरीही एक गोष्ट माझ्या नजरेतून सुटली होती. आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशींच्या बोटांना भेगा पडत. मी मोठ्या उत्साहाने साबण बंद करून रिठ्याचे पाणी आणून ठेवले. आठवड्याने त्या म्हणाल्या, “ताई, हाताची आग कमी झाली. पण तेलकट कढईला दुप्पट वेळ लागतो, पुढच्या घरी बोलणी खावी लागतात.”

मी गप्प झाले. नदीचे भले करण्याचे समाधान मी घेतले होते आणि त्याचे कष्ट मावशींवर टाकले होते. त्यांना विचारण्याचे सुचलेही नव्हते.

तुमच्या घरी रोजची साफसफाई कोण करते? काहीही बदलण्याआधी त्यांच्याशी बोला.

आता तेलकट कढई मी रात्रीच गरम पाणी आणि खायचा सोडा घालून भिजवते (स्टीलची हं, अॅल्युमिनियमची सोड्याने काळी पडते) आणि सकाळी स्वतः घासते. पहिल्या दिवशी मावशींनी ती उचलून उजेडात धरली, कडेला राहिलेला काळा पट्टा बोटाने मला दाखवला आणि हसून परत माझ्या हातात दिली.