परसातले वैराग्य

फळाची आशा धरू नये, असे आपण नित्य ऐकतो आणि आम्ही कीर्तनकार मंडळी नित्य सांगतो. परंतु खेड्यातील शेतकरी बाया फार सरळ विचार करतात. सप्ताहात कोणी ना कोणी विचारतेच, "म्हाराज, फळाची आशा धरू नगा म्हंता, मग भेदरं लावायची तरी कशापायी?" भेदरं म्हणजे टोमॅटो, कोणी तंबाटी म्हणतात, विदर्भाकडे टमाटर. प्रश्न ऐकून मंडळी हसतात. वास्तविक त्यात हसण्यासारखे काही नाही. पाठशाळेत मोठमोठे पूर्वपक्ष आम्ही घोकले, पण या एका वाक्याइतका पक्का पूर्वपक्ष क्वचित भेटला.

पूर्वपक्ष असा. टोमॅटो लावणाऱ्याला टोमॅटोच हवा असतो. तो नको असेल तर लावणे हा वेडेपणा. आणि हवा असून "मला आशा नाही" म्हणणे हे ढोंग. मीमांसाशास्त्रात तर फळाची इच्छा असणारा हाच कर्माचा अधिकारी मानला आहे. मग गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील ४७ वा श्लोक वेड शिकवतो की ढोंग?

दोन्ही नाही. त्या श्लोकाचे चार चरण आहेत आणि आपण बहुधा दुसऱ्यापाशीच थांबतो. कर्मावर अधिकार आहे, हा पहिला चरण. फळावर नाही, हा दुसरा. फळ हाच कर्माचा हेतू होऊ देऊ नये, हा तिसरा. आणि कर्म न करण्याचीही गोडी लागू देऊ नये, हा चौथा. आमचे गुरुजी अन्वय लावून घेताना चौथ्या चरणाशी मुद्दाम थांबत आणि म्हणत, "हा चरण आळशी माणसांनी पोथीतून खोडला आहे बरे!"

येथे उद्देश आणि अधिकार यांत भेद केला पाहिजे. टोमॅटो लावणाऱ्याचा उद्देश टोमॅटो हाच असावा. नसेल तर त्याची काठी वाकडी रोवली जाईल. भगवंतांनी अर्जुनाला नेम न धरता बाण सोड असे कोठे सांगितले आहे? उद्देशाने हाताला दिशा मिळते. अधिकार म्हणजे येणे. मी एवढे पाणी घातले, तेव्हा एवढी फळे मला देणे लागते, अशी मनातल्या मनात मांडलेली वसुली. सोडायची ती ही वसुली. उद्देश सोडायचा नाही.

आता हे परसात कसे दिसते ते पाहू.

आमच्या आडाजवळ २०२५ च्या माघात टोमॅटोची सहा रोपे लावली होती. सोलापूरकडचा उन्हाळा, चैत्रातच पारा चाळिशी ओलांडतो. झाडे हिरवीगार, फुले भरपूर, आणि रोज सकाळी आळ्यात पिवळ्या फुलांचा सडा. ही कीड नव्हे. दिवसाची उष्णता ३५ अंशांच्या वर राहिली आणि रात्रही चोवीस-पंचविसाच्या खाली उतरेना, की टोमॅटोचा पराग निकामी होतो आणि फूल देठाशी गळते. वास्तविक या फुलात नर आणि मादी दोन्ही अंगे एकत्रच असतात. भुंग्याच्या गुणगुणीने किंवा वाऱ्याच्या हलक्या धक्क्याने फूल हलले तरी काम भागते. पण पराग निर्जीव झाल्यावर भुंगा तरी काय करणार? पाणी दुप्पट घातले तरी उपयोग नाही. उलट मुळे कुजतात.

जी दोन-चार फळे धरली, त्यांच्यावर ऊन थेट पडले की पांढरे चट्टे पडतात. कडक उन्हात फळ धड तांबडेही होत नाही. तांबडा रंग देणारे द्रव्य ३० अंशांच्या वर नीट तयार होत नाही, म्हणून फळ पिवळसर नारिंगीच राहते आणि घरातली मुले म्हणतात की दुकानदाराने बी फसवून दिले. पाणी एक दिवस भरपूर आणि दोन दिवस कोरडे असे झाले, तर फळाच्या बुडाला काळा डाग येतो. मातीत चुना असतो, पण तो पाण्याबरोबरच वर चढतो. पाणी तुटले की तोही तुटतो.

आपल्या हातात काय राहते? बुडाशी उसाच्या पाचटाचा जाड थर द्यावा, म्हणजे ओल टिकते. दुपारच्या उन्हाला जुने धोतर किंवा हिरवी जाळी आडवी बांधावी. पाणी सकाळी, बेताचे, पण न चुकता घालावे. काठी खोल रोवावी आणि खोड सुतळीने आवळून न बांधता जुन्या लुगड्याच्या पट्टीने सैल वेढा द्यावा. आवळले तर वाऱ्यात तेथेच कापते. एवढे आपले. उष्णता आपली नव्हे.

मग वैशाख आला. त्या वर्षी मे महिन्याच्या आरंभापासूनच वादळी पाऊस महाराष्ट्रभर सुरू झाला. मोसमी पाऊस मुंबईत एरवी ११ जूनच्या सुमारास पोहोचायचा, तो २६ मे रोजीच पोहोचला. वळिवाआधी दुपारी वारा पडतो आणि आभाळ पश्चिमेकडून काळवंडते. अशा वेळी जाणता माळी रंग धरू लागलेली फळे आधीच उतरवून घेतो. झाडावरून काढलेला टोमॅटो घरात, सावलीत पिकतो आणि चवीलाही फारसा उणा होत नाही. झाडावरच लाल झालेला बघायचा असा हट्ट धरला, तर कोरड्या पडलेल्या फळात एकदम पाणी चढते, साल ताणत नाही आणि फळ उभे चिरते.

वादळ होऊन गेल्यावर दोन तऱ्हेची माणसे दिसतात. एकाने काठीच रोवलेली नसते, वेल चिखलात लोळत असतो आणि तो टाळ्या वाजवून म्हणतो, "पांडुरंगाची इच्छा!" पांडुरंगाचे नाव असे आपल्या आळसावर पांघरूण घालायला वापरणे हा आमच्या मते नामाचा अपराध आहे. दुसऱ्याने सर्व काही केलेले असते आणि तरी वेल मोडतो. मग तो तीन दिवस घरात कोणाशी नीट बोलत नाही. पहिल्याने उद्देश सोडला आणि दुसऱ्याने अधिकार धरला. करायचे असते ते एवढेच: चिखलातला वेल हलक्या हाताने उचलावा, मोडलेला शेंडा छाटावा, आणि जेथे खोड मातीला टेकले आहे तेथे माती लोटावी. टोमॅटोच्या खोडाला बारीक लव असलेली गाठाळ साल असते. माती लागली की तेथूनच नवी मुळे फुटतात. आडवे झालेले झाडही पुष्कळदा असे सावरते. आमच्या सहांपैकी चार सावरली, दोन करप्याने गेली.

एक आडकथा सांगण्याजोगी आहे. जुन्या घरांतून टोमॅटो हे परदेशी फळ म्हणून सोवळ्यात चालत नसे. तो परदेशी आहे हे खरेच. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताकडचा हा वेल मेक्सिकोत लागवडीला आला आणि सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांबरोबर समुद्र ओलांडून युरोपात गेला. पण मग मिरचीही तिकडचीच. बटाटा तिकडचा, शेंगदाणा तिकडचा आणि साबूदाणा ज्या कंदाचा होतो तो कंदही तिकडचाच! म्हणजे आपल्या एकादशीच्या फराळाचे ताट निम्म्याहून अधिक अमेरिकेतून आलेले. श्रीसावता महाराजांच्या मळ्यात यांतले काहीच नव्हते. सांगायचे कारण असे की, मेक्सिकोतील ज्या माळ्यांनी रानटी गोळीएवढ्या फळापासून हा टोमॅटो पिढ्यान्‌पिढ्या निवडून वाढवला, त्यांचे फळ आज भीमाकाठी आमच्या आमटीत आहे. त्यांच्या स्वप्नातही आपण नव्हतो.

येथपर्यंत सर्व गोड आहे. पण आता अवघड भाग येतो आणि या लेखाचे प्रयोजनही तोच आहे.

सहा झाडांचे वैराग्य स्वस्त असते. दोन झाडे गेली म्हणून आमची चूल विझली नाही. म्हणून परसातल्या माणसाने शेतातल्या माणसाला निष्काम कर्म सांगू नये. २०२३ साली मे महिन्यात टोमॅटोला किलोमागे दोन-चार रुपये मिळेनात, म्हणून शेतकऱ्यांनी माल रस्त्यावर ओतला. जुलैत तोच टोमॅटो शहरांत शंभर-दीडशेच्या वर गेला, आणि सप्टेंबरात पुन्हा रस्त्यावर आला. ज्याने बांबू, तार, औषध, मजुरी सर्व उधारीवर आणून मांडव उभा केला आणि अर्ध्या तासाच्या गारांनी तो आडवा झाला, त्याला फळाची आशा होती हा त्याचा दोष म्हणायचा काय? त्याची आशा म्हणजे लेकराच्या शाळेची फी. तेथे जाऊन गीतेचा श्लोक म्हणणारा मनुष्य श्लोक शुद्ध म्हणत असेल, पण त्याने अधिकारी ओळखला नाही. भगवंतांनी तो उपदेश केला तो शरण येऊन विचारणाऱ्याला, आणि स्वतः त्याच्या घोड्यांचे लगाम हातात धरून. बांधावर उभे राहून केला नाही.

श्रीतुकोबारायांचे चरित्र या ठिकाणी डोळ्यांत अंजन घालते. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात घरची माणसे अन्नावाचून गेली, व्यापार बसला. पुढे वडिलोपार्जित सावकारीची खते निघाली, तेव्हा महाराजांनी काय केले? परंपरा सांगते की त्यांनी खतांचे दोन भाग केले. धाकटे बंधू कान्होबा यांचा भाग त्यांच्या हाती दिला आणि आपला भाग इंद्रायणीत बुडवला. ऋणकोंना बोलावून "फेडा, पण मनाने निष्काम राहा" असे प्रवचन केले नाही, आणि कान्होबांनाही "तूही बुडव" म्हटले नाही. सोडले ते आपल्या वाट्याचे येणे. दुसऱ्याच्या फळाचा त्याग आपण करू लागलो, की तो त्याग राहत नाही.

म्हणून त्या बायांना आम्ही आता असे सांगतो: मावशी, आशा धरा, खुशाल धरा, काठी नीट रोवा. श्लोक आमच्यासारख्या दक्षिणा घेणाऱ्यांसाठी आधी आहे. आणि ज्या गावात गारा पडल्या असतील, त्या गावी कीर्तनाची बिदागी घ्यायची की नाही, हे कीर्तनकाराने श्लोकाला विचारावे.

त्या वर्षीचे एक सांगायचे राहिले. मे महिन्याच्या पावसाने रात्री गार झाल्या आणि राहिलेल्या चार झाडांवर तिसऱ्या आठवड्यात जी फुले आली, ती गळली नाहीत. फूल धरल्यापासून फळ पिकायला सुमारे दीड महिना लागतो. हिशेब केला तर ती फळे आषाढीच्या सुमारास तयार होणार, आणि त्या साली आषाढी ६ जुलैची होती. माउलींची पालखी १९ जूनला आळंदीहून निघाली, आम्ही तिच्यामागे. निघताना शेजारच्या सूनबाईंना काठ्या दाखवल्या, पाचट सारखे केले, करप्याची पाने तोडली आणि पिकतील ती फळे त्यांनीच नेऊन खावी असे सांगितले. परत आल्यावर झाडे वाळली होती. किती फळे निघाली ते विचारले नाही. त्यांनी बगलेतल्या फुटीची दोन रोपे मात्र डब्यात लावून ठेवली होती. ती श्रावणात आडाजवळ लावली.