एकाच मुलासाठी

अंध व्यक्ती कानांनी जग ओळखते, कर्णबधिर व्यक्ती डोळ्यांनी. एका इंद्रियाचे उणेपण दुसरे काही अंशी भरून काढते. परंतु ज्याची ही दोन्ही दारे बंद अथवा अर्धवट मिटलेली आहेत, त्याचे काय? अंध-बधिरत्व ही दोन व्यंगांची केवळ बेरीज नव्हे, ती एक स्वतंत्र अवस्था आहे. अशा व्यक्तीला शिक्षकाचा शब्द ऐकू येत नाही आणि हातांच्या खुणा दिसत नाहीत. तिला आधार उरतो तो स्पर्शाचा: ब्रेल लिपी, तळहातावर बोटाने रेखलेली अक्षरे, हातांत हात घेऊन केलेल्या खुणा.

बेरोज वाच्छा यांनी १९७७ साली मुंबईत हेलन केलर संस्था स्थापून अशा मुलांच्या शिक्षणाचा पाया घातला. तरीही १९९५च्या अपंगविषयक कायद्यातील सात प्रकारांत या अवस्थेचे नाव नव्हते. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने ते प्रथम घेतले. अंध, बधिर किंवा दोन्ही असलेल्यांना त्यांना अनुरूप अशा भाषेतून व माध्यमातून शिक्षण मिळावे, असे हा कायदा सांगतो.

आता नीतीचा प्रश्न. समजा, आपल्या बुलढाणा जिल्ह्यात लोणारजवळच्या एखाद्या खेड्यात असे एकच मूल आहे. त्याच्यासाठी शासनाने प्रशिक्षित शिक्षक का पाठवावा? तेवढ्या खर्चात पन्नास मुलांचे भले होईल, असे कोणी म्हणेल. हा विचार हिशेबाचा आहे, न्यायाचा नव्हे. त्या पन्नास मुलांना शाळेबाहेरही बोलणे लाभते. या मुलाला शिक्षक न मिळाल्यास आईजवळ मन मोकळे करण्याची भाषाच मिळत नाही. संख्या अल्प म्हणून हक्क अल्प होत नाही. उलट, संख्या अल्प असल्यामुळेच गावाच्या चांगुलपणावर भागत नाही. शेजारी भाकरी देईल, पण स्पर्शभाषा तो कोठून शिकवणार? म्हणून ही दया नव्हे, शासनाचे कर्तव्य आहे. एका इंद्रियाचा दोष आढळताच दुसऱ्याचीही तपासणी, अंध-बधिरांची स्वतंत्र गणना आणि घरापर्यंत पोहोचणारा शिक्षक, एवढे तरी धोरणात असावे.

आपले कर्तव्यही आहेच. असे मूल घरात लपवू नये. त्याचे दिव्यांग प्रमाणपत्र काढावे. त्याला भेटताना त्याचा हात ओढू नये. आपला हात त्याच्या हाताखाली हलकेच ठेवावा आणि थांबावे. पकडायचे की सोडायचे, हे त्याला ठरवू द्यावे.