सालाला गुण असतो का?

जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला दरवर्षी अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी गावाबाहेरच्या शेतात घट मांडतात. अठरा प्रकारच्या धान्यांचे रिंगण, मधल्या खड्ड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळे, त्यांवर पाण्याची घागर, घागरीवर पुरी, पापड, कुरडई. पहाटे काय सरकले, काय भिजले ते पाहून वर्षाचे पाऊसपाणी आणि पीक सांगितले जाते. पंचांगातले संवत्सरफलही त्याच कुळीचे: साठ संवत्सरे, प्रत्येकाला नाव, प्रत्येकाचे फळ. वर्षाला स्वतःचा स्वभाव असतो आणि त्या वर्षात जे निपजते त्याला तो चिकटतो, ही श्रद्धा दोन्हींच्या मुळाशी आहे. तिला हसणारे पुष्कळ. पण जुनी मोटरसायकल किंवा ट्रॅक्टर घेताना हसणाऱ्याचाही पहिला प्रश्न ‘किती सालचं मॉडेल?’ हाच असतो. मराठी बोलण्यात ‘मॉडेल’ या शब्दाचा अर्थच मुळी साल असा होऊन बसला आहे. जुन्या टर्बो स्पोर्ट्स कारचे शौकीन तर सालांची फळे तोंडपाठ सांगतात.

पोर्शे ९११ टर्बो, कारखान्याच्या भाषेत ९३०, हे याचे ठळक उदाहरण. १९७४ च्या पॅरिस प्रदर्शनात ती लोकांपुढे आली, तेव्हा इंजिन तीन लिटरचे आणि ताकद २६० अश्वशक्ती होती. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूच्या जोरावर टर्बोचा पंखा फिरतो आणि इंजिनात जादा हवा कोंबतो. मात्र दाबलेली हवा तापते, आणि तापली की विरळ होते. म्हणून १९७८ च्या मॉडेलला हवा निववणारा इंटरकूलर बसला, इंजिन ३.३ लिटरचे झाले, ताकद ३०० वर गेली. गिअर चारच राहिले. पाचवा आला तो १९८९ च्या मॉडेलला, आणि त्याच वर्षी ही मालिका संपली. त्या एका सालाच्या गाडीला म्हणूनच आज वेगळा भाव आहे.

हा भाव सालाचा की गाडीचा, हे सोडवायला न्यायदर्शन उपयोगी पडते. धूर दिसला म्हणजे अग्नी आहे, हे अनुमान बिनचूक. अग्नीशिवाय धूर नसतो. अग्नी आहे म्हणजे धूर असलाच पाहिजे, हे मात्र चूक. तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर निघायला ओले सरपण लागते, आणि या न सांगितलेल्या अटीला नैयायिक ‘उपाधी’ म्हणतात. ‘१९८९ ची आहे, म्हणून पाच गिअरची आहे’ हे अनुमान पहिल्या जातीचे आहे, कारण कारखान्यात झालेला खरा बदल त्याच्या पाठीशी उभा आहे. ‘१९८९ ची आहे, म्हणून चांगली आहे’ हे दुसऱ्या जातीचे. इथले ओले सरपण कोणते? पस्तीसहून अधिक वर्षांत तेल वेळेवर बदलले का, टर्बो लालबुंद असतानाच इंजिन बंद करायची मालकाला खोड होती का, पत्र्याला आतून गंज धरला का. सालाचा अंमल कारखान्याच्या फाटकापर्यंत चालतो. फाटकाबाहेरही जो सालावरच भिस्त ठेवतो, तो आकड्यांचा घट मांडून बसलेला असतो. शिवाय साल तरी कुठे निसर्गाने आखून दिले आहे? १९८९ चे मॉडेल म्हणून विकलेल्या कितीतरी गाड्या १९८८ मध्येच तयार झाल्या होत्या, आणि पंचांगातही एकाच वर्षाला नर्मदेच्या दक्षिणेला एक संवत्सरनाम तर उत्तरेला दुसरे.

यावर कोणी म्हणेल, इतके जाणकार एका सालासाठी जास्त पैसे मोजतात, ते काय उगाच? लोकप्रसिद्धीला पौराणिकांनी ‘ऐतिह्य’ म्हणून स्वतंत्र प्रमाण मानले खरे. नैयायिकांनी ते शब्दप्रमाणात टाकले आणि विचारले, हा शब्द आप्ताचा आहे का? आप्त म्हणजे जाणणारा आणि जसे जाणले तसे सांगणारा. ज्याच्या दारात १९८९ ची गाडी विकायला उभी आहे, तो जाणकार असेल, पण निःस्वार्थी खचित नाही. दुसरा आक्षेप बौद्ध भिक्षू नागसेनाच्या वळणाचा. मिलिंद राजाला त्याने विचारले होते, आस म्हणजे रथ का, चाक म्हणजे रथ का? तसे पाहिले तर इंजिन, गिअर, पत्रा सगळे बदललेल्या गाडीत साल उरते कुठे? चॅसिस नंबरात आणि कागदावर, आणखी कुठे नाही. १९०५ मध्ये भेंडवळचा जळगाव तालुका अकोला जिल्ह्यातून बुलढाणा जिल्ह्यात गेला तेव्हा त्याची एक विहीरही जागची हलली नाही. कागद खोटा नसतो. तो फक्त त्याच्यापुरते बोलतो.

तिसरा आक्षेप जड आहे. इंजिनाच्या पोटात काय आहे ते गिऱ्हाइकाला दिसत नाही, मग निश्चित कळणारी एकच गोष्ट, साल, ती का सोडावी? सोडू नयेच. इंटरकूलर हवा की नको, चार गिअर चालतील की पाचच हवेत, एवढी चाळणी साल उत्तम लावते. पण न दिसणारे पाहण्याचीही साधने आहेत: सिलिंडरचा दाब मोजता येतो, गाडी उचलून तळ तपासता येतो, दुरुस्तीची बिले तारीखवार लावता येतात. प्रत्यक्ष हाताशी असताना अनुमानावर थांबणे हा आळस, आणि लाखो रुपयांच्या व्यवहारात तो महागात पडतो. एका बाजूला बिलांचा पत्ता नसलेली १९८९ ची आणि दुसऱ्या बाजूला प्रत्येक तेलबदलीची नोंद असलेली १९८६ ची गाडी उभी असेल, तर १९८६ ची घ्यावी.