निगा

वापरणे आणि निगा राखणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि बहुतेक घरांत ती वेगवेगळ्या माणसांच्या वाट्याला येतात. वस्तू वापरणारा कोण, हे सांगावे लागत नाही. तो वस्तूसमोरच बसलेला असतो. निगा राखणारा कोण, हे मात्र विचारावे लागते, आणि पुष्कळदा विचारूनही नीटसे उत्तर मिळत नाही. 'होते आपोआप' असे घरातला कर्ता पुरुष म्हणतो. दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात ज्याने माळ्यावरचे डबे एकदा तरी उतरवले आहेत, त्याला या 'आपोआप'चा अर्थ ठाऊक असतो. या शब्दाची परीक्षा घ्यायला मला अलीकडे एक चांगली वस्तू मिळाली आहे. ती म्हणजे कॅप्सूलवर चालणारे घरगुती कॉफीयंत्र. मुलाने हौसेने आणले, ते आमच्या ओट्याच्या कोपऱ्यात विराजमान झाले आहे.

या यंत्राची कल्पना स्वित्झर्लंडमधली. नेस्ले कंपनीतल्या एरिक फाव्र या अभियंत्याच्या डोक्यातून ती निघाली. १९७६ साली तिचे पेटंट झाले आणि १९८६ साली नेस्प्रेसो या नावाने ती बाजारात आली. पुढे तशी यंत्रे अनेकांनी काढली. ॲल्युमिनियमच्या चिमुकल्या वाटीत पाच-सहा ग्रॅम कॉफी बंद केलेली असते. यंत्र त्या वाटीला भोके पाडते, पंप तापलेले पाणी मोठ्या दाबाने तिच्यातून लोटतो, आणि अर्ध्या मिनिटात कप भरतो. बिया दळायला नकोत, कॉफी गाळायला नको, चोथ्याचे फडके पिळायला नको. माणसाचे श्रम एकेक करून वजा करीत गेल्यावर शेवटी जे उरते ते म्हणजे एक बोट आणि एक बटण. सोय या शब्दाची याहून सुबक व्याख्या मला तरी करता येणार नाही.

पाण्याला मात्र ही व्याख्या मान्य नसते. पाऊस हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन जमिनीत मुरतो, किंचित आंबट होतो आणि दगडमातीतला चुना आपल्यात विरघळवून घेतो. असे पाणी दिसायला निर्मळच असते. पण ते तापवले की तो वायू उडून जातो आणि चुना पांढऱ्या थराच्या रूपाने भांड्याला धरून राहतो. आपल्या आज्यांनी हा थर बंबात पाहिला होता. आपण तो गीझरमध्ये आणि बादलीत बुडवायच्या कॉइलवर पाहतो. विशाखापट्टणमजवळच्या बोरा गुहांत लोक तिकीट काढून जे लोंबते खडक पाहायला जातात, तेही याच पदार्थाचे, थेंबाथेंबाने साठलेले. गुहेत तो चमत्कार ठरतो आणि घरात त्याला कीट म्हणतात.

हिशेब करून पाहावा. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाने काठिण्याची मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम धरली आहे, आणि दुसरे पाणीच नसेल तर ६०० पर्यंत मुभा दिली आहे. म्हणजे मर्यादेत बसणारे पाणीसुद्धा, रोज एक लिटर वापरले तर, वर्षाला ७३ ग्रॅमपर्यंत क्षार यंत्रातून नेते. सगळा क्षार आत बसत नाही, हे खरे. पण त्या यंत्रातल्या नळ्या काडीएवढ्या बारीक असतात. तिथे चिमूटभरही पुरे होतो. थर उष्णता नीट पोचू देत नाही. कॉफी कोमट येऊ लागते, धार बारीक होते, पंपाचा आवाज वाढतो. हे सगळे इतके सावकाश होते की रोज पिणाऱ्याला कळतही नाही. आठ महिन्यांनी आलेला पाहुणा पहिल्याच घोटाला ओळखतो. माणसांच्या स्वभावावर चढणारी पुटेही घरच्यांना दिसत नाहीत आणि पाहुण्यांना दिसतात, तसेच हे.

म्हणून करणाऱ्यांनी यंत्राला एक दिवा बसवला आहे. तो लागला की सफाईची वेळ झाली असे समजायचे. पण या दिव्याला आतला थर दिसतो असे कोणी मानू नये. बहुतेक यंत्रांत तो किती पाणी वाहून गेले एवढेच मोजतो. पाणी किती कठीण आहे हे आपण आधी सांगितले असेल तर तेही जमेस धरतो. मला यात वावगे काही वाटत नाही. आपली एकादशी, श्राद्धपक्ष, घराचे सारवण ही तरी दुसरे काय करीत होती? मन केव्हा मळले हे ज्याला स्वतःहून कळते असा माणूस विरळा. इतरांसाठी पंचांग असते.

आता प्रत्यक्ष सफाई. आतली कॅप्सूल काढायची, वापरलेल्या कॅप्सूलांचा डबा आणि खालचा ताट रिकामा करायचा. टाकीत पाणी आणि आम्ल यांचे मिश्रण पुस्तिकेत दिलेल्या प्रमाणात भरायचे. तोटीखाली लिटरभराचे पातेले ठेवायचे आणि सांगितलेली बटणे दाबून धरायची. मिश्रण सगळे बाहेर आले की काही यंत्रांत तेच पुन्हा टाकीत ओतून दुसरी फेरी करतात. मग स्वच्छ पाण्याच्या फेऱ्या, आंबट वास जाईपर्यंत. अर्धा तास लागतो. व्हिनेगर वापरू नका, रबराच्या चकत्या खराब होतात, असे अनेक पुस्तिकांत बजावलेले असते. विकत मिळणाऱ्या द्रावणांपैकी काहींत लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक आम्ल असते, काहींत ताकातले लॅक्टिक आम्ल. ताकातले आम्ल १७८० साली आणि लिंबातले १७८४ साली वेगळे करून दाखवणारा माणूस एकच होता, कार्ल विल्हेल्म शेले, स्वीडनमधल्या एका लहान गावचा औषधविक्या. आपण तांब्यापितळेच्या भांड्यांना लावतो त्या चिंचेतले टार्टारिक आम्लही त्यानेच त्याआधी द्राक्षाच्या दारूच्या पिंपातल्या खारापासून काढले होते. तेव्हा परदेशी यंत्राच्या पोटात जे जाते, ते आपल्या मोरीवरच्या चिंचेचे भावंडच होय.

माझ्या एका स्नेह्यांकडे हे काम घरकामाच्या मावशींना शिकवण्याचा प्रसंग मी पाहिला. मावशींनी सगळे मन लावून ऐकले, केले, आणि पातेल्यातल्या पाण्याकडे पाहून विचारले, "साहेब, ह्यात निघालं काय?" पाणी स्वच्छच दिसत होते. चुना आम्लात विरघळला की तो डोळ्यांना दिसत नाही. स्नेही म्हणाले, "दिसत नाही, पण निघतं." मावशी म्हणाल्या, "भांडी घासली तर चकाकतात तरी." आणि त्या पुढच्या कामाला लागल्या.

त्यांच्या प्रश्नात एक जुना प्रश्न दडलेला आहे. ज्या कामातून नवे काही निर्माण होत नाही, ज्याची खूणही मागे राहत नाही, त्याची किंमत काय? अर्धा तास खर्चून मिळते ते काय, तर कालचीच कॉफी. गीता फळाची आशा सोडायला सांगते. पण सोडायला आधी फळ दिसावे तरी लागते! हॅना आरेंटने १९५८ साली 'द ह्यूमन कंडिशन' या ग्रंथात कष्ट आणि निर्मिती यांत भेद केला. जगण्याच्या चक्राबरोबर पुन्हा पुन्हा करावे लागते आणि मागे काही ठेवीत नाही ते कष्ट. टेबल, इमारत, ग्रंथ मागे ठेवते ती निर्मिती. हा भेद मला पटतो. पण जगाने त्यावर चढवलेली प्रतवारी मला पटत नाही. टेबल करणाऱ्याचे नाव राहते, ते रोज पुसणाऱ्याचे राहत नाही. पण पुसणे थांबले तर टेबलही फार दिवस टेबल राहत नाही. महाराष्ट्रात हे एका माणसाने जन्मभर सांगितले. १९५६ साली दिवंगत झालेले गाडगेबाबा गावात शिरले की आधी खराटा हाती घेत आणि कीर्तन रात्री करीत. सकाळी झाडलेले गाव दुसऱ्या दिवशी पुन्हा मळणार, हे त्यांना कळत नव्हते काय? कळत होते, म्हणून तर ते पुन्हा झाडीत.

कोणी म्हणेल, मावशींना पगार मिळतो. काम वाटून घेण्यात अन्याय कसला? कामाची वाटणी मलाही मान्य आहे. सगळ्यांनी सगळे करावे असा माझा हट्ट नाही. पण त्या घरात त्या यंत्रातला एकही कप मावशींच्या वाट्याला येत नव्हता. त्यांना चहा, तोही वेगळ्या कपात. म्हणजे बटण एकाचे आणि थर दुसऱ्याचा, अशी ती वाटणी होती. इथे माझे मन अडते. वस्तूची सोय ज्याने घेतली, त्याला तिच्या निगेची निदान स्वतःच्या हाताने ओळख असावी. ज्याला ही ओळख नसते तो सोयीला हक्क समजू लागतो, आणि हक्क पुरवणाऱ्या माणसाला यंत्राचाच एक भाग. आमच्या घरात म्हणून ठरले आहे की दिवा लागेल तेव्हा ज्याचा कप भरायचा असेल त्याने सफाई करायची. दिवा आपल्याच पाळीला का लागतो, अशी तक्रार चिरंजीव करतात. ती तक्रार मला तत्त्वज्ञानाची सुरुवात वाटते.

या नियमाने सगळा प्रश्न सुटत नाही, हेही सांगितले पाहिजे. यंत्राच्या पोटात साठते ते आपल्या घरातच राहते. आपल्याला ते धुता येते. वापरलेल्या कॅप्सूल मात्र दाराबाहेर जातात. ॲल्युमिनियम पुन्हा वितळवता येते, पण ओला चोथा पोटात घेतलेली ती वाटी कोणीतरी वेचून, वेगळी करून द्यावी लागते. जर्मनीत हॅम्बुर्ग शहराने २०१६ साली सरकारी पैशातून कॅप्सूल-कॉफी घ्यायचीच नाही असे ठरवले. अमेरिकेतल्या के-कप या अशाच, पण प्लॅस्टिकच्या, वाटीचा जनक जॉन सिल्व्हन याने २०१५ साली आपल्या शोधाबद्दल उघड खंत बोलून दाखवली. आम्ही निदान आमच्या कॅप्सूल कापून चोथा कुंड्यांना घालतो आणि वाट्या धुऊन भंगारात देतो. त्यालाही वेळ लागतो. बटणाने वाचवलेली मिनिटे अशी परत द्यावी लागतात, आणि ती ज्याने वाचवली त्यानेच द्यावीत हे मला न्याय्य वाटते. मग सोय उरली किती, असे कोणी विचारील. प्रामाणिक उत्तर असे की थोडी उरते. तेवढीच आपली होती.

थर पुन्हा बसणार. काही महिन्यांनी दिवा पुन्हा लागणार. यात निराश होण्यासारखे काही मला दिसत नाही. निगेचे कोणतेही काम कायमचे संपत नाही. पुढच्या खेपेपर्यंतची मुदत तेवढी ते मिळवून देते. जेवणही तेवढेच देते, झोपही तेवढीच देते. माणसामाणसांतला स्नेहसुद्धा, मला वाटते, अशाच मुदतींवर चालतो. पत्र, फोन, आजारपणातली एखादी फेरी, आणि वर्षातून एकदा फराळाचे ताट. ते ताट पोचवायला जाल तेव्हा त्या घरात निगा कोण राखते याकडे जरा लक्ष द्या, आणि एक लाडू त्या माणसाच्या हातावर ठेवा.